वय ‘कंट्रोल’ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

डॉक्टर, आधी वाईट बातमी सांगून टाकतो. विणकर आणि इतर लोक यांच्या मेंदूंत कुठे फरक आहे ते दाखवणाऱ्या तुमच्या नकाशात जवळजवळ अख्खा मेंदू रंगलेला दिसतोय, पण तो निकाल नाही. रँडमाइज हे चाचणीचं सॉफ्टवेअर ‘करेक्टेड पी’ नावाची जी फाइल देतं, तिच्यात पी (खरा फरक नसताना असा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) नसतोच, एक वजा पी असतो. त्यामुळे ०.०५ ची पातळी पाहायची तर व्ह्यूअरमध्ये खालची मर्यादा ०.९५ ठेवायला हवी. तुम्ही ०.०५ ठेवलीत. म्हणजे ज्याचा पी ०.९५ पेक्षा कमी, असा मेंदूच्या चित्रातला प्रत्येक ठिपका रंगला, आणि असे ठिपके ढिगानं असतात. वाईट वाटून घेऊ नका, ही चूक मी प्रबंधाच्या छापलेल्या प्रतीतही पाहिली आहे. निदान तुम्ही छापायच्या आधी विचारलंत.

आता मूळ प्रश्न. दुसरं कोणी वाचत असेल तर त्यालाही कळावं म्हणून तो आधी मांडतो. सोलापुरात यंत्रमागावर वर्षानुवर्षं काम करून कान अधू झालेले २० विणकर, सगळे पुरुष. त्यांच्या तुलनेला माग कधीच न चालवलेले २७ जण, त्यांत ७ बायका. सगळ्यांचे टी-वन (मेंदूची रचना दाखवणारे) एमआरआय झालेत आणि व्हीबीएम या ठिपक्याठिपक्यानं मोजण्याच्या पद्धतीनं ग्रे मॅटरचं, म्हणजे मेंदूतल्या करड्या भागाचं, आकारमान काढलंय. श्रवणाच्या भागात दोन गटांत फरक आहे का, हे पाहायचंय. विणकरांचं सरासरी वय ४८, तुलनेतल्या पुरुषांचं ४०. तुम्ही विचारलंय की वयाची सरासरी गटागटाची वेगळी वजा करायची की सगळ्यांची मिळून एकच? काँट्रास्ट, म्हणजे कोणत्या कॉलममधून कोणता वजा करून तुलना करायची हे सांगणारी आकड्यांची ओळ, कसा लिहायचा? आणि वय, लिंग, डोक्याचं आकारमान, शिक्षण, ऐकण्याचा उंबरठा (ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज), मागावरची वर्षं, स्मरणचाचणीचे गुण असे सातही कोव्हेरिएट, म्हणजे हिशेबात धरायचे इतर घटक, एकदम टाकले तर चालतील का? कारण गाइडनी ‘सगळं कंट्रोल करा’ म्हणून सांगितलंय.

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: एकच. पण ते का, हे कळलं नाही तर पुढच्या अभ्यासात पुन्हा इथेच अडकाल.

सगळ्यात साधं मॉडेल घ्या. पहिल्या कॉलममध्ये विणकराला १, इतरांना ०. दुसऱ्यात उलट. तिसऱ्यात वय. इथे आपण गृहीत धरतो की वयानं ग्रे मॅटर कमी होण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच आहे, म्हणजे दोन समांतर उतरत्या रेषा आहेत आणि त्यांच्यातलं उभं अंतर मोजायचंय. त्या अंतराचा काँट्रास्ट १ −१ ०. यात वयातून ४४ वजा करा, ४० करा, नाहीतर काहीच करू नका, अंतर तेच राहतं. कारण दोन्ही रेषा एकदम सरकतात. फक्त पहिल्या दोन कॉलमच्या आकड्यांना अर्थ यावा म्हणून सगळ्यांची सरासरी, तुमच्या बाबतीत ४४ (फक्त ४० पुरुष धरून, बायका का वगळायच्या ते पुढे सांगतो), वजा करायची. वजा न केल्यास ते आकडे शून्य वर्षं वयाच्या माणसाचे असतात.

गोची होते ती गटागटाची सरासरी वेगवेगळी वजा केल्यावर. विणकरांच्या वयातून ४८, इतरांच्या वयातून ४०. दिसायला हे फार न्याय्य दिसतं. पण आता त्या कॉलममध्ये दोन्ही गटांचं सरासरी वय शून्य झालं. गटांमधला आठ वर्षांचा फरक मॉडेलच्या नजरेतून गेला. उदाहरणादाखल आकडे धरू. एका ठिपक्यावर ग्रे मॅटर दरवर्षी ०.००४ नं घटतं आणि विणकरांची सरासरी इतरांपेक्षा ०.०५० नं कमी आहे. आठ वर्षांचे ०.०३२ हे निव्वळ वयाचे. उरले ०.०१८, तेवढ्यावरच तुमचा दावा उभा राहू शकतो. एकच सरासरी वजा केलीत तर काँट्रास्ट ०.०१८ देईल. गटागटाची केलीत तर तोच काँट्रास्ट पूर्ण ०.०५० देईल, आणि तुम्ही खाली लिहाल ‘वयासाठी समायोजित’. वयाचा कॉलम मॉडेलमध्ये आहे, त्यामुळे परीक्षकालाही शंका येणार नाही. असे निकाल सुंदर दिसतात, म्हणून तर मला त्यांची धास्ती वाटते.

आता दुसरं मॉडेल, ज्यात गटागटाचा उतार वेगळा असू शकतो. ‘विणकरांचा मेंदू वयाबरोबर जास्त वेगानं झिजतो का’ असा प्रश्न असेल तर हेच लागतं. वयाचे दोन कॉलम होतात: विणकरांचं वय आणि इतरांचं वय. ज्याचा जो गट नाही तिथे शून्य. इथे क्रम पाळायचा. आधी सगळ्यांच्या वयातून ४४ वजा करायचे, मग कॉलम फोडायचा. ५२ वर्षांच्या विणकराची ओळ १ ० ८ ० अशी येईल. ३५ वर्षांच्या दुसऱ्या गटातल्या माणसाची ० १ ० −९ अशी. आधी कॉलम फोडून मग प्रत्येक कॉलमची सरासरी वजा केलीत तर भरणीच्या त्या शून्यांचंही काहीतरी वय होऊन बसतं आणि सगळंच बिनसतं. रँडमाइजमध्ये आपोआप सरासरी वजा करण्याचा पर्याय आहे. गटांचे कॉलम मॉडेलमध्ये असताना त्याला हात लावू नका.

उताराच्या फरकाचा काँट्रास्ट ० ० १ −१. आणि याच मॉडेलमध्ये १ −१ ० ० लिहिलंत, तर तो विचारतो: वयाच्या कॉलममध्ये जिथे शून्य आहे, त्या वयाला दोन गटांत अंतर किती? रेषा आता समांतर नाहीत, म्हणून कुठे मोजता त्यावर उत्तर ठरतं. पुन्हा उदाहरणाचे आकडे: विणकरांचा उतार वर्षाला ०.००६, इतरांचा ०.००३ आणि ४४ व्या वर्षी विणकर ०.०१८ नं खाली. ५२ व्या वर्षी ते ०.०४२ नं खाली असतील. ३६ व्या वर्षी उलट ०.००६ नं वर. आणि वयातून काहीच वजा केलं नाहीत तर तुलना होते शून्याव्या वर्षाची, तिथे विणकर ०.११४ नं वर निघतात. म्हणजे सोलापुरातल्या साखर पेठेत नुकतंच जन्मलेलं, मागावर बसवलेलं बाळ. चिन्हसुद्धा उलटं. अशा बाळांवर लिहिलेले निष्कर्ष मी वाचले आहेत.

माझा सल्ला असा की आधी उताराचा फरक तपासा. तो नसेल तर साध्या मॉडेलवर या. मात्र ४० माणसांत उताराचा फरक पकडण्याची ताकद फारशी नसते, तेव्हा ‘सापडला नाही’ एवढंच लिहायचं, ‘नाही’ असं लिहायचं नाही. तो सापडलाच, तर ‘गटांतला फरक’ असा एक आकडा देऊ नका. कोणत्या वयाला किती, ते लिहा.

इथपर्यंतचं गणित कुठल्याही कार्यशाळेत शिकवतात. माझी खरी तक्रार तुमच्या सात कॉलमबद्दल आहे, कारण तिथे सॉफ्टवेअर अडवत नाही. ते काहीही गिळतं.

लिंगापासून सुरुवात करू. विणकरांत बाई एकही नाही. मग लिंगाचा परिणाम मॉडेल कुठून शिकणार? फक्त तुलनेच्या गटातल्या ७ बायका आणि २० पुरुषांवरून. ते शिकून विणकरांच्या तुलनेत त्या बायकांचा थेट उपयोग होत नाही, कॉलमची मात्र भर पडते. त्या सात जणींना या तुलनेतून वगळा आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. दोन्हीकडे २० पुरुष उरतात आणि लिंगाचा कॉलमच लागत नाही. माणसं कमी केली म्हणून गाइड कुरकुरतील, पण इथे फारसं काही हातचं जात नाही.

ऐकण्याचा उंबरठा. हा कॉलम टाकू नका, हे मी जरा आवाज चढवूनच सांगतो. तुमचं म्हणणं काय? मागाच्या आवाजानं कान गेले, आणि कान गेल्यामुळे मेंदूच्या श्रवणभागात फरक पडला असावा. म्हणजे बहिरेपणा हा या वाटेवरचाच टप्पा. तो ‘कंट्रोल’ केला तर मॉडेलला तुम्ही विचारता की कान सारखेच चांगले असते तर या दोघांत फरक असता का? जे शोधायला निघालात तेच पुसून टाकलंत. उंबरठा वापरायचाच तर स्वतंत्र प्रश्नासाठी वापरा: फक्त विणकर घ्या, आणि ज्याला जितकं कमी ऐकू येतं त्याच्या श्रवणभागात तितका फरक आहे का, ते पाहा.

मागावरची वर्षं. इतर गटात सगळीकडे शून्य, म्हणजे हा कॉलम बराचसा गटाच्याच कॉलमची नक्कल आहे. फक्त विणकरांत घेतला तरी तो वयाला चिकटलेला असतो, कारण आपल्याकडे पोरगं पंधरा-सोळाव्या वर्षी शेडमध्ये जातं आणि तिथेच राहतं. वय आणि वर्षं यांचा सहसंबंध ०.९ असेल तर वर्षांच्या परिणामाच्या अंदाजाचं प्रचरण (अनिश्चिततेचं माप) पाच पटींहून थोडं जास्त फुगतं, प्रमाण त्रुटी (त्याचं वर्गमूळ) साधारण २.३ पट. वय आणि वर्षं वेगळी काढायची तर उशिरा मागावर आलेली माणसं शोधावी लागतील, गिरणी बंद झाल्यावर चाळिशीत यंत्रमाग धरलेली वगैरे. ती मिळतात. विचारावं लागतं.

स्मरणचाचणीचे गुण. सांगा, चाचणी कोणत्या भाषेत घेतली? सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी विणकरांच्या घरात तेलुगू बोलतात. मराठी त्यांना उत्तम येतं, बाजारात, रिक्षात, दवाखान्यात अडत नाही. पण पाच शब्द ऐकून पाच मिनिटांनी ते सांगा म्हटल्यावर माणूस आईच्या भाषेत धावतो. त्यात इथे ऐकायलाच कमी येतं. माझे वडील आयुष्यभर मागावर होते, घरात त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन ओठ दाखवत बोलावं लागे. अशा माणसाला पाठमोरं बसून शब्द वाचून दाखवले, तर त्याचे गुण स्मरणाचे नाहीत. हा कॉलम बाद.

शिक्षण जास्त अवघड आहे आणि तिथे तुमच्या अभ्यासाचं मूळ दुखणं आहे. विणकरांपैकी बहुतेक जण सातवी-आठवीपर्यंत शिकलेले, तुलनेतले लोक रुग्णालयातले क्लार्क, तंत्रज्ञ, रुग्णांचे पदवीधर भाचे-पुतणे. शिक्षणाच्या पट्टीवर दोन गट जवळपास कुठेच एकत्र येत नाहीत. अशा ठिकाणी ‘शिक्षण सारखं असतं तर’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या माहितीत नसतं, मॉडेल रेषा लांबवून ते रचतं. कोव्हेरिएट टाकून गटांची तुलना करायची ही सहप्रचरणाची पद्धत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या हातून शेतीच्या प्रयोगांसाठी घडली. तिथे कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठी टाकून ठरायचं, त्यामुळे वाफ्यांतला आधीचा फरक योगायोगाचा असे. विणकर कोणी चिठ्ठी टाकून झालेलं नाही. ग्रेगरी मिलर आणि जीन चॅपमन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये याच गैरसमजावर अख्खा लेख लिहिला: आधीपासून वेगळ्या असलेल्या गटांना कोव्हेरिएट ‘सारखं’ करू शकत नाही. वयाच्या बाबतीत तुम्ही थोडक्यात वाचलात, कारण विणकर ३६ ते ६१ आणि इतर २४ ते ५२, म्हणजे ३६ ते ५२ या पट्ट्यात दोन्हीकडची माणसं आहेत आणि ४४ त्याच्या मधोमध येतं. शिक्षणाचं तसं नाही.

यावर उपाय कॉलममध्ये नाही, माणसं निवडण्यात आहे. तुलनेसाठी दवाखान्याच्या बाहेर पडा. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागात त्याच धंद्यात, तेवढ्याच पगारावर, तेवढंच शिकलेली, तीच भाषा बोलणारी माणसं आहेत, जी मागांच्या खटखटीत उभी राहत नाहीत: चादरींच्या घड्या घालणारे, टॉवेलचं पॅकिंग करणारे, शेडपासून लांबच्या गोदामात गठ्ठे बांधणारे. पन्नाशीच्या पुढचे आठ-दहा जण जरी मिळाले तरी वयाचाही तोल सुधारेल. त्यांच्या कानांची तपासणी मात्र आधी करा, तरुणपणी कोणी माग चालवलेला असतोच. प्रबंधाची तारीख जवळ असेल आणि हे जमणार नसेल, तर शिक्षणाचा फरक मर्यादा म्हणून ठळक लिहा. कॉलम टाकून तो झाकू नका.

डोक्याचं आकारमान ठेवा. मॉड्युलेशन केलेल्या, म्हणजे मेंदू एका साच्यात बसवताना मूळ आकारमानाचा हिशेब जपलेल्या, व्हीबीएममध्ये मोठ्या डोक्यात ग्रे मॅटर साधारणपणे जास्त निघतं. फक्त तो आकडा घन मिलिमीटरमध्ये टाकू नका, चौदा-पंधरा लाखांच्या शेजारी शून्य-एक ठेवल्यावर गणिताला त्रास होतो. लिटरमध्ये घ्या आणि सगळ्यांची सरासरी वजा करा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की मधेच सेंटरवरची हेड कॉइल, म्हणजे एमआरआयच्या वेळी डोक्याभोवती असणारा संकेत टिपणारा भाग, बदलली. ती ओळ मी दोनदा वाचली. जुन्या कॉइलवर १४ विणकर आणि ५ इतर पुरुष, नव्यावर ६ आणि १५. हे वाईट आहे, पण निभावेल: कॉइलचा एक कॉलम टाका, शून्य-एकचा. सगळे विणकर जुन्यावर आणि सगळे इतर नव्यावर असते तर कॉइलचा कॉलम आणि गटाचा कॉलम एकच झाला असता आणि मग कोणतंही सॉफ्टवेअर त्यांना वेगळं करू शकलं नसतं, वेगवेगळ्या यंत्रांवरची मोजमापं जुळवणारी कॉम्बॅटसारखी पद्धतसुद्धा नाही. यापुढे दर आठवड्याला दोन्ही गटांतली माणसं आलटून पालटून बोलवा.

तर उताराचा फरक सापडला नाही असं धरून अंतिम मॉडेल पाच कॉलमचं: विणकर, इतर, वय वजा ४४, डोक्याचं आकारमान वजा सरासरी, कॉइल. चाळीस ओळी. काँट्रास्ट दोन: १ −१ ० ० ० आणि −१ १ ० ० ०, कारण रँडमाइजमधली प्रत्येक टी-चाचणी एकाच दिशेची असते. दोन्ही दिशा पाहता, तर मर्यादा ०.९५ ऐवजी ०.९७५ धरा. तिसरा काँट्रास्टही माझ्यासाठी टाका: ० ० −१ ० ०, म्हणजे वयाबरोबर घट. तो प्रबंधासाठी नाही, पहारेकरी म्हणून आहे. चोवीस ते एकसष्ट एवढ्या पट्ट्यात ग्रे मॅटर वयानं कमी होताना दिसायलाच हवं. नाही दिसलं तर कुठेतरी ओळी चुकल्या आहेत.

हा पहारेकरी मी ठोकर खाऊन ठेवला. माझ्या सुरुवातीच्या एका कामात वय वाढलं की मेंदू वाढतो असं येत होतं, आणि दोन दिवस मी त्याचं स्पष्टीकरण शोधत बसलो, सापडलंही होतं जवळजवळ. मग लक्षात आलं की स्कॅन एकत्र करताना संगणकानं फाइली नावाच्या अक्षरक्रमानं उचलल्या: विणकर१, विणकर१०, विणकर११, असं करत विणकर१९, मग विणकर२. वयाच्या तक्त्यात मात्र १, २, ३ असा सरळ क्रम. दहाव्या माणसाच्या मेंदूला दुसऱ्याचं वय चिकटलं होतं. घरी वडिलांना सांगितलं तर ते हसले. चादरीची नक्षी जॅकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांनी उठते, कार्डं दोरीनं क्रमानं ओवलेली असतात. एक कार्ड मागं-पुढं झालं की माग थांबत नाही, विणत राहतो, आणि मोराची मान मोडलेली चादर खाली उतरते तेव्हाच कळतं. तेव्हापासून मी फाइलींना ०१, ०२ अशी नावं देतो आणि एकत्र करताना वापरलेली यादीच तक्त्यात चिकटवतो. तुम्हीही करा.

चाचणीबद्दल थोडकंच. पाच हजार परम्युटेशन (गटांची लेबलं अदलाबदल करून पुन्हा पुन्हा हिशेब) पुरेत, ०.०५ च्या आसपास त्यानं सुमारे ०.००६ इतकीच अनिश्चितता राहते. टीएफसीई वापरा, ती ठिपक्याला त्याच्या शेजाऱ्यांचा आधार किती ते धरून गुण देते. जुन्या पद्धतीनं क्लस्टरचा (लागून असलेल्या ठिपक्यांच्या पुंजक्याचा) आकार सूत्रावरून तपासायचा मोह टाळा: २०१६ मध्ये आंडर्स एक्लुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन या संशोधकांनी एफएमआरआयसाठी (मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयसाठी) दाखवलं की ५ टक्के खोटे निकाल अपेक्षित असताना काही मांडण्यांत ते ७० टक्क्यांपर्यंत जातात. व्हीबीएममध्ये चित्राचा गुळगुळीतपणा जागोजागी वेगळा असल्यामुळे तिथेही जपून राहावं लागतं. तुमचा प्रश्न श्रवणभागाचाच आहे, तर दोन्ही बाजूंच्या हेश्ल वळशाचा (मेंदूतला ऐकण्याचा मुख्य भाग) मुखवटा, म्हणजे तेवढाच भाग उघडा ठेवणारी चौकट, मेंदूच्या ॲटलासमधून घ्या आणि तपासणी तेवढ्यातच करा. पूर्ण मेंदूचा निकाल वेगळ्या परिशिष्टात जाऊ द्या. मुखवटा मात्र निकाल बघायच्या आधी ठरलेला हवा. तुमचा जुना नकाशा आपण आत्ताच बाद ठरवला, त्यामुळे अजून उशीर झालेला नाही.

नवा तक्ता झाला की मला पाठवा. नावं काढून टाका, फाइलचे क्रमांक मात्र ठेवा, आणि स्कॅन एकत्र करताना वापरलेली यादी त्याच्या शेजारच्या कॉलममध्ये टाका. पहिल्या पाच ओळी आपण फोनवर मिळून वाचू.